पहिलं दळण

“दगडाचं तोंड आधी आपल्या दाण्यानं धुवावं, मग दुसऱ्याच्या दाण्याला हात लावावा.”

हे गिरणीकाकूंचं वाक्य. रोज सकाळी गिरणीचं दार उघडताना त्या ते म्हणायच्या. दिवसभरात कुणी घाई केली, कुणी मध्येच आपला डबा पुढे सरकवला, की पुन्हा म्हणायच्या. गल्लीतल्या पोरीबाळींनासुद्धा ते पाठ झालं होतं. वडिलांनी गिरणी त्यांच्या हाती दिली तेव्हा दोन दगड, एक मोटर, एक पट्टा आणि हे वाक्य, एवढंच दिलं होतं. पुढे मोटर बदलली, पट्टे तर कितीतरी तुटले. दगड झिजून पातळ झाले आणि नवे आले. वाक्य तेवढं होतं तसंच राहिलं.

त्यामागे एक रीत होती. संध्याकाळचं शेवटचं दळण बहुधा गव्हाचं असायचं, कारण शेजारच्या भट्टीवाल्याला सकाळच्या पावासाठी पीठ लागायचं. मोटर थांबली तरी दगडांच्या खाचांत आणि खालच्या कापडी नळीच्या घड्यांत मूठभर पीठ अडकून राहतंच. दुसऱ्या दिवशी जो दाणा पहिला पडेल, त्याच्या पिठात ते कालचं पीठ मिसळून खाली येतं. बाकीच्या गिरण्यांत ते पहिल्या गिऱ्हाइकाच्या डब्यात जाई आणि कुणाला पत्ताही लागत नसे. काकूंना ते खपत नव्हतं. दुसऱ्याच्या पिठात आपल्या हातून परका कण गेला, तर तो आपल्या इमानात खडा, असं त्यांचे वडील म्हणत. म्हणून सकाळी पहिलं दळण काकूंच्या स्वतःच्या घरचं. कालचं उरलंसुरलं सगळं आपल्या डब्यात घ्यायचं, आणि मग गिऱ्हाइकाला निव्वळ त्याच्याच दाण्याचं पीठ द्यायचं.

बाई उंच, रुंद खांद्यांची. दगड बोथट झाले की वरचा दगड एकट्या उलथवायच्या आणि मांडी घालून टाकी लावायला बसायच्या. टाकी म्हणजे पोलादी छिन्नी. तिनं दगडाच्या अंगावर पुन्हा खाचा काढायच्या. ठक ठक ठक. त्या आवाजावरून गल्लीला कळायचं की आज दुपारपर्यंत दळण नाही. काका, म्हणजे त्यांचे यजमान, पूर्वी मालाची गाडी चालवायचे. गाडी विकल्यावर ते गिरणीत पोती उचलायला आले आणि तिथेच रमले. “मी इथला हमाल,” असं ते आल्यागेल्याला सांगत. “मालकीणबाई रागावल्या तर जेवणसुद्धा तोलून मिळतं.”

अशा बाईचं अंग उतरायला लागलं.

आधी पोट फुगायचं, मग जुलाब. कधी आठवडा बरा जायचा, की पुन्हा तेच. रक्त कमी, डोळ्यांपुढे अंधारी, गुडघ्यांत कळा. गल्लीनं आपापले उपाय सुचवले आणि काकूंनी ते सगळे ऐकून सोडून दिले. शेवटी मुलीनं दंडाला धरून इस्पितळात नेलं. रक्त तपासलं, तोंडावाटे नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून पाहिला, आणि डॉक्टरांनी सांगितलं: हा सीलिअ‍ॅक नावाचा आजार. गव्हात आणि सातूत जो चिकट अंश असतो, तो या बाईच्या आतड्याला सोसत नाही. आतड्याच्या आतली मऊ लव झडून सपाट झालीय, त्यामुळे खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध एकच. गहू बंद, जन्मभर.

गिरणीवालीला गहू बंद! काका पटकन बोलून गेले, “माशाला पाणी बंद म्हणतात तसं झालं हे.” काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. घरी येऊन त्यांनी पावाची टोपली उचलली, काकांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “तुम्ही खा. बाहेर ओट्यावर बसून. माझ्या स्वयंपाकघरात हे पुन्हा येणार नाही.”

त्या दिवसापासून भात आणि मक्याची पेज. मका त्या स्वतः निवडायच्या, धुवायच्या, वाळवायच्या. शेजारच्या भट्टीतून सकाळी गरम पावाचा वास आला की पदर नाकाला लावून उभ्या राहायच्या, वास ओसरला की कामाला लागायच्या. एकदाही हात वळला नाही. ही बाई एकदा नाही म्हणाली की नाहीच.

वर्ष गेलं, पण अंग भरलं नाही. उलट एक दिवस टाकी लावायला म्हणून त्यांनी वरच्या दगडाला हात घातला आणि दगड हललाच नाही. पुन्हा जोर केला. कपाळावर घाम आला. काकांनी पुढे होऊन दगड उलथवला. काकू बसल्या आणि टाकी लावू लागल्या. पण त्या दिवशी ठोक्यांचा आवाज मंद होता, आणि गल्लीनं तो ऐकला.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी रक्ताचा कागद समोर धरला. तरुण माणूस, पण बोलणं जपून.

“काकू, रागावू नका. गहू पोटात गेला की रक्तात एक खूण दिसते. ती अजून चढलेलीच आहे. कधीमधी थोडासा पाव...?”

“चोरून?”

“मी चोरून म्हटलं नाही.”

“म्हणायचं तेच होतं ना?” काकू ताठ बसल्या. “डॉक्टर, दुसऱ्याच्या डब्यातली चिमूट मी कधी घेतली नाही. आता स्वतःच्याच पोटात चोरी करीन?”

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. “मग ऐका. दोनच गोष्टी असू शकतात. एक, गहू कुठून तरी जातोय. दोन, आजार हट्टाला पेटलाय, गहू सोडूनही जात नाही. तसं असलं तर जहाल औषधं द्यावी लागतील, आणि मग अंगमेहनतीचं काम विसरा. गिरणीही विसरा. त्याआधी तुमचं आतडं खाल्लेलं उचलतंय किती, ते बघू. एक साखरेची तपासणी आहे.”

घराजवळ आल्यावर मुलगी हळूच म्हणाली, “आई, खरंच नाही ना खाल्लंस? एखादा तुकडा? मी बाबांना नाही सांगणार.”

घाव तिथे बसला. परक्यानं विचारलं ते एक वेळ सोसता येतं. काकूंनी चप्पल काढली आणि दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “त्या तपासणीला मी उद्याच जाते. आतडं माझं आहे, साक्ष तेच देईल.”

तपासणीची खोली लांबट होती. भिंतीला फिकट रंग, एक बाक, एक वजनकाटा, खिडकीपाशी काचेच्या नळ्यांची फळी. तिथली बाई बुटकी, चष्मा कपाळावर चढवलेला, जिभेला धार. सगळे तिला नुसतं ताई म्हणत.

“रात्रीपासून काही खाल्लंत?”

“पाणी.”

“काल फळ, मुरंबा असलं काही?”

“नको म्हणून सांगितलं होतं ना? मग कशाला खाईन?”

“खातात हो माणसं. या बाकावर बसून ढेकर देतात आणि उपाशी आहे म्हणतात.” ताईंनी गडवाभर पाणी पुढे केलं. “हे एका दमात प्या. गोड आहे, पण आवडेल असं नाही.”

काकू ते प्यायल्या आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. “ही कसली साखर?”

“वेगळी आहे. हिला पचवायची खटपट लागत नाही. आतडं धड असेल तर ते हिला सरळ उचलतं आणि रक्तात सोडतं, मग बरीचशी लघवीतून बाहेर पडते. तेवढी मोजायची. आतडं उचलत नसेल, तर रक्तातही कमी, लघवीतही कमी.”

“आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.”

“अगदी तेच! मी इतकी वर्षं एवढं लांबण लावत होते.” ताईंनी एक झाकणाचा डबा काढला. “आता पाच तास इथेच बसायचं. पाणी प्यायचं, खायचं नाही, फिरायचं नाही. लघवी होईल ती सगळी यात. थोडीही वाया गेली तर माप चुकलं.”

“जन्मभर लोकांचे डबे भरले, चिमूट सांडली नाही,” काकू म्हणाल्या. “आता स्वतःचा भरताना सांडीन होय?”

ताई खळखळून हसल्या. मग रक्त घ्यायची वेळ झाली. त्यांनी काकूंची बाही वर सरकवली, कोपराच्या घडीवर ओला कापूस फिरवला, आणि थांबल्या. कापसाला पांढरट चिकटा लागला होता.

“हे काय हो?”

“पीठ. सकाळी दळूनच आले. माझं दळण रोज पहिलं असतं.”

“कशाचं?”

“मक्याचं. माझ्या पेजेचं.” आणि काकूंनी सवयीनं, थोड्या अभिमानानं, आपलं वाक्य म्हटलं: दगडाचं तोंड आधी आपल्या दाण्यानं धुवावं.

ताईंनी सुई टोचली, रक्त घेतलं, नळी फळीवर ठेवली. मग चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

“काल संध्याकाळी शेवटचं काय दळलंत?”

“गहू. भट्टीवाल्याचा. रोजच...”

काकू बोलता बोलता थांबल्या.

“काकू,” ताई हळू म्हणाल्या, “दगडाचं तोंड तुम्ही धुता. पण ते धुतलेलं पाणी पितं कोण?”

काकू आपल्या हातांकडे बघत राहिल्या. नखांच्या कडेला पीठ होतं, मनगटाच्या रेषांत पीठ होतं. वर्षभर मका निवडला, धुतला, वाळवला, आणि मग आपल्याच हातांनी गव्हाच्या दगडांत ओतला. गिऱ्हाइकाच्या डब्यात एक कण जाऊ नये म्हणून रोजचा सगळा गहू आपल्या डब्यात घेतला. तोही केवढ्या तोऱ्यात! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं.

त्या ताडकन उठल्या.

“कुठे निघालात?”

“तो डबा फेकून येते.”

“बसा. साखर पोटात आहे. आत्ता गेलात तर सगळं फुकट, उद्या पुन्हा उपाशी यावं लागेल. डबा कुठे पळून जात नाही.”

काकू बसल्या. मग एकदम म्हणाल्या, “वर्षभर चोराला मीच ताट वाढत होते. आणि पोरगी मला विचारत होती, आई, तू खाल्लंस का? खाल्लंच होतं की.” आणि त्या हसल्या. डोळ्यांत पाणी होतं तरी हसल्या.

माप फारच कमी आलं. आतडं जवळजवळ काहीच उचलत नव्हतं.

“गहू जातोय असं मी म्हणत होतो,” डॉक्टर म्हणाले.

“चोरून खात नाही असं मीही म्हणत होते.”

“दोघंही खरे. मी प्रश्न चुकीचा विचारला. तुम्ही काय खाता ते विचारलं, ते दळता कुठे हे विचारलं नाही.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “आता जहाल औषधाची घाई नको. पण नक्की कारण हेच आहे का, ते कळायला गव्हाचा कण पूर्ण थांबला पाहिजे. धूळसुद्धा. हवेतलं पीठ नाकातोंडात जातं आणि गिळलं जातं. गिरणीपासून लांब राहा. काही महिन्यांनी हीच साखर पुन्हा पाजू. तेव्हाही आतडं असंच राहिलं, तर मग दुसरी वाट.”

“आणि सुधारलं तर? गिरणी माझी?”

“गव्हाच्या धुळीत पुन्हा जाऊ देणार नाही मी तुम्हाला.”

काकू म्हणाल्या, “धूळ नको म्हणालात. गिरणी नको असं नाही म्हणालात. ठीक आहे.”

त्या मुलीकडे राहायला गेल्या, चार गल्ल्या सोडून. जाताना एक नवं हातजातं घेतलं, ज्याच्या दगडाला गहू कधी शिवलाच नव्हता. मुलीनं स्वतःच्या घरातून पाव बाहेर काढला, कुणी न सांगता. त्या पहिल्याच संध्याकाळी ती आईजवळ बसून जात्याचा खुंटा धरत म्हणाली, “मी तुला तसं विचारायला नको होतं गं.” काकू म्हणाल्या, “विचारलंस म्हणून तर मी दुसऱ्याच दिवशी गेले. ओढ, हात थांबवू नकोस.”

काका एकटे गिरणी चालवू लागले. बायकोला भेटायला निघाले की आधी अंगावर पाणी घ्यायचं, कपडे बदलायचे, केस धुवायचे, असा नियम झाला. “लग्नाच्या दिवशीसुद्धा इतका घासलो नव्हतो,” ते दारातून ओरडायचे. “आता तरी आत येऊ का?”

“कान दाखवा आधी.”

कानामागे पीठ निघायचंच. काका परत मोरीत.

गिरणीत पाऊल टाकायचं नाही म्हटल्यावर काकूंनी टाकलं नाही. पण बाजारात जाताना समोरच्या बाजूनं, नाकातोंडावर ओला रुमाल बांधून त्या हमखास जायच्या. एकदा तिथेच थबकल्या आणि रुमालाआडून अशा ओरडल्या की अख्खी गल्ली वळून बघायला लागली: “अहो! दगड कोरडे घासतायत! दाणा संपलाय वर, मोटर बंद करा!” काका गप्पा मारत होते. त्यांनी धावत जाऊन मोटर बंद केली. गिऱ्हाईक म्हणालं, “काकूंना तिकडूनसुद्धा ऐकू येतं?” काका म्हणाले, “बाबा रे, तिला मी मनात काय म्हणतो तेसुद्धा ऐकू येतं.”

हळूहळू पोट शांत झालं. काकूंना भूक लागायला लागली, खरी भूक, पोटात आग पडावी तशी. तरी त्या कुणाला बरं वाटतंय असं सांगत नव्हत्या. “मला काय वाटतं ते राहू दे,” मुलीला म्हणायच्या. “आतडं बोलेल तेव्हा खरं.”

दुसऱ्या खेपेला त्या तपासणीच्या बाकावर बसल्या तेव्हा हात कोपरापर्यंत स्वच्छ होते. ताईंनी मुद्दाम कापूस घासून बघितला आणि उजेडात धरला. “पास,” त्या म्हणाल्या. गडवा रिकामा झाला. काकूंचे हात मांडीवर, नजर त्या झाकणाच्या डब्यावर. गिरणी राहणार की जाणार, ते त्या डब्यात होतं. बाहेर बाकावर काका बसले होते, न्हाऊन, नवा सदरा घालून, आणि दर थोड्या वेळानं दारातून डोकावत होते. शेवटी ताई वैतागल्या. “काका, तुम्ही डोकावल्यानं माप वाढत नाही.”

निकाल घ्यायला गेल्या तेव्हा डॉक्टरांनी कागद काकूंच्या हातातच दिला. “पूर्ण नाही,” ते म्हणाले. “पण मागच्यापेक्षा कितीतरी वर. रक्तातली ती खूणही उतरायला लागलीय. आतडं उचलतंय, काकू. जहाल औषध नको. अजून वेळ लागेल, पण वाट हीच.”

काकूंनी कागद घडी करून कमरेला खोचला. “आता माझं ऐका,” त्या म्हणाल्या. “मागच्या अंगणात लाकडं ठेवायची खोली आहे. तिला दार वेगळं, मधे भिंत. तिथे दुसरी गिरणी बसवते. नवे दगड, नवी नळी. मका, तांदूळ, डाळ, गहू सोडून सगळं. गव्हाची पुढची गिरणी यांची. मी तिकडे फिरकणार नाही.”

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, “माझ्याकडे काय बघता? मी हमाल.”

“भिंत वरपर्यंत आहे का?”

“बांधून घेते.”

“दर काही महिन्यांनी रक्त तपासायला याल?”

“बोलवाल तेव्हा.”

डॉक्टर म्हणाले, “बघू. खूण पुन्हा चढली तर खोली बंद.”

“चढली तर मीच कुलूप घालीन.”

गल्ली हसली. गव्हाशिवाय गिरणी म्हणजे मिठाशिवाय जेवण, कोण येणार तिथे? काकूंनी भिंत छतापर्यंत नेली, वर फटसुद्धा ठेवली नाही. नवे दगड आले ते कोरे, गुळगुळीत. टाकी लावायला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. पहिल्या दिवशी थकून अर्ध्यावर सोडलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसल्या. ठक ठक ठक. पुढच्या गिरणीत गिऱ्हाइकं बोलायची थांबली. ठोका जुनाच होता.

आणि मग तो दिवस आला. खूप दिवसांनी ताई स्वतः एक माणूस घेऊन आल्या. त्याच्या कडेवर अशक्त, मोठ्या पोटाची मुलगी. बापाच्या हातात तांदळाची पिशवी. “हिलाही तेच आहे,” ताई म्हणाल्या. “हिचं पीठ कुठे दळायचं, म्हणून हा विचारत होता.” काका पुढच्या गिरणीच्या अंगणाकडच्या दारात उभे होते, भुवयांपर्यंत पांढरे. त्यांनी सवयीनं पिशवीकडे हात केला.

“अहो, हात मागे!” अंगणाच्या टोकाकडून काकूंचा आवाज आला. “लांबूनच, लांबूनच. ती पिशवी माझी.”

त्या थेट गिरणीजवळ आल्या नाहीत, कुंपणाच्या कडेनं आल्या. माणसाच्या हातून पिशवी घेतली, खांद्यावर टाकली. मुलीच्या गालाला बोट लावायला गेल्या, मग आपलं बोट उलटसुलट करून पाहिलं, स्वच्छ होतं, आणि मग लावलं.

“काकू, तुमचं ते वाक्य म्हणा ना,” ताई म्हणाल्या.

“ते वाक्य पुढच्या दगडांचं. ते आता यांनी म्हणायचं.” काकूंनी पिशवी खांद्यावर नीट बसवली. “मागच्या दगडांच्या तोंडाला गहू ठाऊकच नाही. त्यांना धुवायचं काय?”

एवढं बोलून त्या वळल्या आणि अंगण ओलांडून चालू लागल्या. ओझं होतं, तरी पाठ ताठ होती आणि पाय कुठे अडखळला नाही. मागच्या खोलीचं दार उघडलं आणि लागलं. मोटर सुरू झाली.

काका अंगणाकडच्या दारात पिठाळलेले हात अंगापासून लांब धरून उभे होते. त्यांच्या गिऱ्हाइकाचा गहू वर संपत आला होता. दगडांचा आवाज बदलला, कोरडा व्हायला लागला, तरी काका त्या बंद दाराकडेच बघत राहिले.

“अहो!” भिंतीपलीकडून आवाज आला. “दाणा संपला!”

काका धावले.